शैलाताईंचे दोन चाकू

गेल्या आठवड्यात माझे मिस्टर मोबाइलवर खिशातल्या चाकूंचे व्हिडिओ बघत बसले होते. शेतावर जाताना बरोबर असावा म्हणून त्यांना एक घडीचा चाकू घ्यायचा होता. एका चाकूची किंमत बघून त्यांनी मला हाक मारली. "वर्षा, दोऱ्या कापायला, आंबा कापायला एवढं भारी स्टील लागतं का गं?"

मी भाजी निवडत होते. हा प्रश्न मी कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये इतक्या वेळा ऐकला होता, आणि तो विचारणारी बाई आता नाही. मी म्हटलं, "तुमचं तुम्ही ठरवा," आणि उठून आत गेले.

शैलाताई पिंगळे आमच्या कारखान्यात पॅकिंगच्या सुपरवायझर होत्या. कुंभिवलीला हायवेपासून जरा आत आमचा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना आहे. मी तिथे डिस्पॅचला होते, अजूनही आहे. शैलाताई दहिवलीला राहायच्या, मी कर्जतला, त्यामुळे कंपनीच्या बसमध्ये आमची जागा शेजारी शेजारी. म्हणजे मी दहिवलीपर्यंत खिडकीत बसायचे आणि त्या चढल्या की उठून त्यांना खिडकी द्यायचे. ती आपत्कालीन खिडकी होती. बसल्या बसल्या त्या तिची कडी एकदा हलवून बघायच्या. ड्रायव्हरला सुरुवातीला राग यायचा. मग त्याने बोलणं सोडून दिलं.

त्यांना भीती वाटायची. आम्हा सगळ्यांनाच कशाकशाची वाटत असते, पण आम्ही ती झाकून ठेवतो. शैलाताई सरळ सांगायच्या. "थांब गं जरा, मला भ्या वाटतंय." लिफ्टमध्ये त्या कधी चढल्या नाहीत. गॅसचा वास आला असं नुसतं वाटलं तरी घरातल्या सगळ्या खिडक्या उघडून अंगणात उभ्या राहायच्या. कॅन्टीनच्या पंख्याखाली जेवायला बसायच्या नाहीत. पण त्या घाबरट नव्हत्या. घाबरट माणूस लांब पळतो. शैलाताई जिथे भीती असेल तिथे जवळ जाऊन उभ्या राहायच्या आणि बघत राहायच्या.

एकदा कर्जतच्या बाजारात आम्ही दोघी भाजी घेत होतो. समोरून एक मुलगी स्कूटीवर गेली. तिच्या ओढणीचं टोक मागच्या चाकाशी लोंबत होतं. शैलाताईंनी हातातली पिशवी रस्त्यातच टाकली आणि त्या स्कूटीमागे धावत सुटल्या. "ओढणी! ए पोरी, ओढणी!" पन्नाशीची जाडजूड बाई, चप्पल एकीकडे, पदर एकीकडे. मुलीला वाटलं, कुणीतरी पर्स ओढायला येतंय. तिने गाडी आणखी पळवली. शेवटी पुढे टमटमवाल्याने तिला अडवलं. शैलाताई पोचल्या, चाकाजवळचं टोक सोडवून तिच्या गळ्याभोवती नव्हे, कमरेशी घट्ट बांधलं, आणि मग फुटपाथवरच खाली बसल्या. मी टोमॅटो गोळा करून आले तेव्हा ती मुलगी त्यांना पाणी पाजत होती.

"एवढं काय झालं ताई?" मी विचारलं.

"काय नाय झालं," त्या म्हणाल्या. "होनार होतं."

आणि त्यांच्याकडे कायम चाकू असायचा. लाकडी मुठीचा, घडीचा, करंगळीहून जराशा लांब पात्याचा. खालापूरला रस्त्याकडेला विळे-कोयते घेऊन बसणाऱ्या माणसाकडून घेतलेला. साधं लोखंडी पातं. पेरू कापला की काळं पडायचं, पावसाळ्यात गंज धरायचं. त्या त्याला खोबरेल तेल चोळायच्या. दुपारी जेवण झालं की कॅन्टीनच्या मागच्या पायरीवर बसून धारेच्या दगडावर पातं फिरवायच्या, मग वर्तमानपत्राची कडा धरून कापून बघायच्या. कागद न फाटता सरळ कापला गेला की चाकू मिटून एप्रनच्या खिशात. सगळा पॅकिंग विभाग तो चाकू वापरायचा. कुणाला पट्टी कापायची आहे, कुणाला दोरी, कुणाला दुधाची पिशवी. त्या नाही म्हणायच्या नाहीत. फक्त हात पुढे करून उभ्या राहायच्या, काम झालं की लगेच परत द्यायचा.

मला वाटायचं, बाईमाणूस, अंधार पडल्यावर घरी जायचं, म्हणून जवळ बाळगत असतील. एकदा तसं विचारलंही. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा विचारलं नाही.

खरं कारण मला कळलं ते हायवेवर. एक ट्रेलर आडवा झाला होता आणि खालापूरच्या अलीकडे आमची बस अडकून पडली होती. बसमधले निम्मे लोक उतरून रस्त्यावर गप्पा मारत होते. शैलाताई खिडकीशीच बसलेल्या. बाहेर शेतापलीकडे एक पत्र्याची शेड होती, बंद पडलेली. त्या तिच्याकडे बघत म्हणाल्या, "आमच्या गावाला अशीच भाताची गिरन होती."

मग त्यांनी सांगितलं. त्यांची मोठी बहीण सुमन. लग्न ठरलेलं होतं. दोघी बहिणी भात कांडायला गिरणीवर गेल्या. गिरणीचा मोठा पट्टा उघडाच फिरायचा, बायका त्याच्या बाजूनेच ये-जा करायच्या. रोजचंच होतं. सुमनने पोतं उचलायला वाकून पदर खांद्यावर टाकला आणि तो मागे पट्ट्यात जाऊन गळ्याभोवती आवळला. शैलाताई हातात रिकामी गोणी घेऊन दारात उभ्या होत्या. गिरणीवाला बटण बंद करायला धावला. पट्टा लगेच थांबला नाही. कुणीतरी सुमनचे पाय धरून ओढायला लागलं, त्याने फास अजून आवळला. "कापा, कापा," सगळे ओरडत होते. कापायला कुणाजवळ काही नव्हतं. एक माणूस कोयता आणायला घराकडे पळाला.

"त्याला यायला किती उशीर झाला?" मी विचारलं, आणि विचारल्यावर वाटलं, विचारायला नको होतं.

"तो आला," त्या म्हणाल्या. "कोयता घेऊनच आला. मंग तो कोयता तितंच टाकून खाली बसला."

बस सुरू झाली. लोक चढले. त्या दिवसापासून मला माझ्या आजूबाजूला फिरणाऱ्या गोष्टी दिसायला लागल्या. पिठाच्या गिरणीचा पट्टा, उसाच्या रसाचा चरक, मोटरसायकलची साखळी, आमच्याच कारखान्यातले रोलर. आधीही ते तिथेच होते. मी साडी नेसून कामावर जाणं बंद केलं. भीती अशी एकाकडून दुसऱ्याकडे जाते, आणि गेली की परत करता येत नाही.

आमच्या मेन्टेनन्सला नितीन म्हणून इंजिनीअर होता. तरुण, हसरा, चाकूंचा भारी शौकीन. त्याच्याकडे परदेशातून मागवलेले चाकू होते. पाती कुठल्या स्टीलची, त्यात काय काय मिसळलंय, किती कठीण, हे तो जेवता जेवता सांगायचा आणि आम्ही जांभया द्यायचो. शैलाताई मात्र घास हातात धरून ऐकायच्या.

एक दिवस त्यांनी विचारलं, "नितीन, माझं पातं ऐनवेळी दगा देईल का रे?"

"कसली ऐनवेळ ताई?"

"ते सोड. देईल का?"

नितीनने त्यांचा चाकू हातात घेतला, अंगठ्याने धार आडवी चाचपली. "मस्त आहे की. रोजच्या कामाला एवढं पुरे. भारी स्टीलचा फायदा एवढाच, की धार जास्त दिवस टिकते आणि गंज लवकर धरत नाही. पण एकदा धार गेली की लावायला घाम फुटतो, आणि वाकडंतिकडं वापरलं तर टवका उडतो. तुमचं पातं दगडावर दोनदा फिरवलं की तयार. तुम्हाला कशाला पाहिजे महागाचं?"

"तू का घेतलास मंग?"

"मला हौस आहे."

"हौस येगळी रं," शैलाताई म्हणाल्या. "भ्या येगळं."

त्यांचं समाधान होईना, म्हणून नितीनने भंगारातल्या गाडीचा सीटबेल्ट आणला. कॅन्टीनच्या मागे दोन खांबांना ताणून बांधला. आधी शैलाताईंचा चाकू. एका झटक्यात बेल्ट तुटला. मग नितीनचा. तोही तुटला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शैलाताई म्हणाल्या, "आता दोन्ही चाकूंनी पुठ्ठा काप. कापत राहा."

नितीन कापत राहिला. पुठ्ठा धारेचा शत्रू असतो हे आम्हाला माहीत होतं. बऱ्याच वेळाने शैलाताईंचं पातं पुठ्ठा कापायचं सोडून फाडायला लागलं. नितीनचं तसंच चालत होतं. पुन्हा बेल्ट बांधला. या खेपेला लाकडी मुठीचा चाकू बेल्टवरून घसरला. दोनदा, तीनदा मागेपुढे केल्यावर तुटला.

शैलाताईंचा चेहरा मी विसरणार नाही. कुणीतरी वाईट बातमी सांगावी तसा झाला होता.

"पण तुम्ही रोज धार लावता ना ताई," नितीन घाईने म्हणाला. "मग हा प्रश्नच येत नाही."

"आनि ज्या दिवशी नाय लावली, त्या दिवशी?"

जेवणाची सुट्टी संपल्याची घंटा झाली.

त्यांनी नितीनकरवी तसलाच चाकू मागवला. करड्या पात्याचा, जड, सुरेख. आला त्या दिवशी त्यांनी पेढे वाटले. जुना चाकू त्यांनी मला दिला. "तुला देते, पन धार लावायची. मी बघनार." आणि खरोखर बघायच्या. बसमध्ये बसल्या की हात पुढे, "दाखव." मी त्यांच्या धाकाने आठवड्यातून दोनदा दगड घेऊन बसायला लागले. नवरा म्हणायचा, कुणाचा खून करायचाय का?

मला वाटलं होतं, नवा चाकू आल्यावर त्या निर्धास्त होतील. झालं उलटंच. नवा चाकू पेरूला लावायचा नाही, पट्टीला लावायचा नाही. धार जाईल. कुणाला द्यायचा नाही, टवका उडेल. त्यांनी त्याला मऊ फडक्यात गुंडाळून चेनच्या छोट्या पाकिटात ठेवलं आणि ते पाकीट एप्रनच्या आत, झंपरच्या खिशात. पॅकिंगच्या बायका दोरी कापायला आता माझ्याकडे यायला लागल्या. दुपारी शैलाताई पायरीवर नुसत्याच बसायच्या. इतकी वर्षं त्या वेळेला हात चालायचे, आता ते मांडीवर पडून राहायचे.

एकदा न राहवून त्यांनी नवं पातं जुन्या दगडावर फिरवलं. काही झालं नाही, फक्त बारीक ओरखडे उठले. त्या दिवसभर अस्वस्थ होत्या. नितीन दिसला की विचारायच्या, "धार गेली नसंल ना रे?"

"ताई, वापरलाच नाही तर धार जाईल कुठे?"

"तुला खात्री हाय?"

"आहे हो."

थोड्या वेळाने पुन्हा तेच. नितीन कधी वैतागला नाही, हे त्याचं मोठेपण. मी मात्र वैतागायचे. मी म्हटलंही, "शैलाताई, तुमचा जीव त्या चाकूत अडकलाय." त्या म्हणाल्या, "माझा नाय गं. कुनाचा ते म्हायत नाय, म्हनून तर."

त्यानंतरच्या उन्हाळ्यात ते घडलं.

डोंगरातल्या वाडीवरून काही बायका ठेकेदाराकडून कामाला यायच्या. त्यांत सोनी होती. वीस-बावीस वर्षांची, नवीन लग्न झालेली, कमी बोलणारी. पुठ्ठ्याला डिंक लावायच्या मशीनवर तिला लावलं होतं. दोन रोलर एकमेकांवर फिरतात, मधून पुठ्ठा जातो. रोलरच्या तोंडाशी पूर्वी म्हणे जाळी होती. साफ करायला अडचण होते म्हणून कुणीतरी काढली, ती परत बसलीच नाही. मी आले तेव्हापासून ते तोंड उघडंच बघत होते. शैलाताईही बघत होत्या. त्या बायकांना रोज सांगायच्या, पदर खोचा, केस बांधा.

दुपारची वेळ. पत्रा तापलेला. सोनीने घाम पुसायला गळ्यात सुती ओढणी अडकवली होती, गाठ मारून. मी डिस्पॅचची खोकी बघायला मशीनच्या बाजूलाच उभी होते. अचानक मशीनचा आवाज बदलला. एवढंच. घोंघावत होतं ते कण्हल्यासारखं झालं. वळून पाहिलं तर सोनी वाकली होती. वाटलं, काहीतरी खाली पडलंय ते उचलतेय. मग तिचे हात दिसले. ते मशीनच्या पत्र्यावर आपटत होते.

कुणीतरी लाल बटण दाबलं. मशीन थांबलं, पण रोलरने धरलेली ओढणी सुटली नाही. सोनीचा गाल पत्र्याला चिकटलेला, गळ्याभोवतीचा कपडा दोरीसारखा आवळलेला. रोलर उलटे फिरवायचे तर नट सैल करायला हवे होते. नितीन पान्हा आणायला धावला. एका बाईने सोनीला खांद्याला धरून मागे ओढायला सुरुवात केली.

"ओढू नका!" शैलाताई ओरडल्या. तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. त्या पॅकिंगच्या टोकाहून आल्या, कशा आल्या ते मला दिसलं नाही, एकदम समोर होत्या. एप्रन वर केला. पाकीट काढलं. चेन उघडेना. हात इतके थरथरत होते की चेनचा टिचभर दांडा बोटांत धरताच येत नव्हता. दातांनी ओढली. फडकं बाहेर आलं, ते उलगडायला लागल्या आणि चाकू निसटला. खणकन फरशीवर पडला आणि घसरत मशीनच्या खाली गेला.

शैलाताई उभ्या राहिल्या. फडकं हातात, डोळे सोनीवर. सोनीचे हात आपटायचे थांबत आले होते. मला वाटतं, त्या क्षणी शैलाताई कुंभिवलीत नव्हत्या. त्या कुठल्यातरी दारात उभ्या होत्या.

मला काही सुचलं असं नाही. माझा हात खिशात होता, मुठीत चाकू होता आणि मी तशीच थिजले होते. त्यांनीच माझ्याकडे पाहिलं. "वर्षा! तुझा दे!"

मी दिला. त्यांनी तो उघडला. सोनीच्या मानेशी कपड्याखाली डाव्या हाताची दोन बोटं घुसवली, जिथे नखही गेलं नसतं तिथे घुसवली, आणि त्या बोटांच्या वर पातं घातलं, धार बाहेरच्या बाजूला करून. पातं आत सारताना त्यांची स्वतःची बोटं चिरली. एक ओढ. कपडा तुटल्याचा आवाज आला. सोनी खाली कोसळली आणि शैलाताई तिच्यासकट खाली बसल्या.

मग सोनीने श्वास घेतला. तो श्वास माणसाचा वाटला नाही, फाटक्या भात्यासारखा होता. पण तो आला, मग दुसरा आला. शैलाताईंच्या बोटांतून रक्त वाहून सोनीच्या शर्टावर पडत होतं आणि त्या म्हणत होत्या, "घे. अजून घे. घे गं."

सोनी वाचली. गळ्यावर काळानिळा वळ राहिला, आवाज बरेच दिवस घोगरा होता. शैलाताईंच्या दोन बोटांना टाके पडले. संध्याकाळी नितीनने मशीनखालून तो महागाचा चाकू काढला. पुसून बघितला. काही झालं नव्हतं, धार तशीच होती. तो शैलाताईंना म्हणाला, "ताई, यानेही कापलं असतं. सहज कापलं असतं."

"हां," त्या म्हणाल्या. "हातात असता तर."

दुसऱ्या दिवशी मॅनेजरनी त्यांच्यासाठी हार आणि मिठाई मागवली होती. शैलाताई आल्या त्या थेट मशीनजवळ गेल्या. पॅकिंगचं स्टूल ओढून मशीनच्या तोंडासमोर ठेवलं आणि त्यावर बसल्या. बोटांना पांढरी पट्टी. ऑपरेटर येऊन उभा राहिला, त्याला म्हणाल्या, "जाळी बसंपरेंत हे मशीन सुरू होनार नाय."

मॅनेजर आले. आधी समजुतीने बोलले. "पिंगळेबाई, तुम्ही काल फार मोठं काम केलंत. तुम्ही घाबरल्या आहात, साहजिक आहे. चार दिवस सुट्टी घ्या."

"घाबरलेय म्हनून तर बसलेय साहेब."

"ऑर्डर आज जायची आहे. जाळी आपण बसवू, नंतर बसवू."

"मंग मशीनपन नंतर सुरू करू."

मॅनेजरांचा आवाज चढला. कामात अडथळा, नोकरी, वरपर्यंत जाईल, असं सगळं बोलले. शैलाताईंचे गुडघे थरथरत होते, स्टूल फरशीवर टकटक वाजत होतं. सगळ्यांना ऐकू येत होतं. त्यांना नोकरीची गरज होती, नवरा अंथरुणाला खिळलेला होता, हे मॅनेजरांनाही माहीत होतं. त्या उठल्या नाहीत. पॅकिंगच्या बायका एकेक करून येऊन त्यांच्या मागे उभ्या राहिल्या. मीही गेले. नितीन कुठे दिसत नव्हता. मला त्याचा राग आला होता. मग मागच्या शेडमधून वेल्डिंगचा चरचर आवाज यायला लागला आणि माझ्या लक्षात आलं, तो कुठे आहे.

दुपारपर्यंत जाळी बसली. ती उचलली की मशीन आपोआप बंद पडेल असं बटणही नितीनने जोडून दिलं. शैलाताईंनी स्वतः ती उचलून, सोडून, उचलून बघितली. मग स्टूल जागेवर नेऊन ठेवलं. हार घेतला नाही. मिठाई वाडीवरच्या बायकांना वाटली.

महिन्याभरात त्यांची बदली मागच्या गोडाऊनमध्ये झाली. तिथे त्यांना एकटीला बसावं लागायचं. त्यांनी तक्रार केली नाही. एकदा मी चहा घेऊन गेले तेव्हा म्हणाल्या, "सुमनच्या टायमाला कुनाजवळ चाकू असता तर, असं मी जन्मभर म्हनत आले. पन त्या पट्ट्यावर एक फळी ठोकली असती ना वर्षा, तर चाकू लागलाच नसता. एक फळी. हे मला इतकी वर्सं सुचलं नाय गं."

त्यांनी चहा संपवला, कप विसळून दिला. नवा चाकू त्यांनी नितीनला परत केला, त्याने घेतला नाही, शेवटी तो चाकू त्यांच्या घरी भाजी कापायला लागला. चांगली कापायचा म्हणे.

निवृत्त झाल्यावर वर्षभराने त्यांचे मिस्टर गेले. पुढचा पावसाळा संपल्यावर शैलाताई लेकीकडे नाशिकला गेल्या आणि तिथेच, फार आजारी न पडता, गेल्या. मला फोनवर कळलं. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या पावसाळ्यात.

चार दिवस पाऊस उघडला नव्हता. सोनीच्या वाडीच्या वरच्या अंगाला जमिनीला भेग दिसली म्हणून सगळ्या वाडीला खालच्या शाळेत आणून ठेवलं होतं. कारखान्यातून आम्ही चादरी आणि कोरडं खाणं गोळा केलं, नितीनने टेंपो काढला. दुपार होती, पण दिवे लावावे लागतील असा अंधार. शाळेच्या वर्गात सतरंज्यांवर बायका, म्हातारी माणसं, कोंबड्यांच्या टोपल्या. आणि त्या सगळ्यांत, भिंतीला टेकून, शैलाताई. सोनीने निरोप पाठवला म्हणून सकाळीच रिक्षा करून आल्या होत्या. सोनी त्यांच्या शेजारी बसली होती, तिचं लेकरू मांडीवर झोपलेलं.

आम्ही चादरी वाटत होतो तेव्हा डोंगराकडून आवाज आला. लांबून, जमिनीतून आल्यासारखा. पायाखालची फरशी हलली की मला तसं वाटलं, मला अजूनही सांगता येत नाही. तिथे एक सरकारी माणूस याद्या करत होता, तो उठून म्हणाला, "काही नाही, काही नाही. ढग वाजला. घाबरू नका." कुणी त्याच्याकडे पाहिलं नाही.

शैलाताई म्हणाल्या, "ढग नाय वाजला. मीपन ऐकला. मलापन लई भ्या वाटलं."

सोनीच्या सासूने त्यांच्याकडे मान वळवली. म्हातारी सकाळपासून कुणाशी बोलली नव्हती असं सोनीने मला सांगितलं होतं.

"कुठल्या बाजूनं आला गं?" शैलाताईंनी तिला विचारलं. "तुला डोंगर म्हायत हाय. मला नाय."

म्हातारीने हाताने दाखवलं. वरच्या ओढ्याच्या बाजूने. ओढ्यात दगड वाहतायत, ती म्हणाली, मोठे दगड, एकमेकांवर आपटतायत. आपल्या घरांच्या बाजूने नाही. "पन मगाशी दुसरा आलता," ती म्हणाली, "तो घरांच्या बाजूनं." मग तिसरी एक बाई बोलली, तिनेही तो ऐकला होता. मग एक म्हातारा बोलला. थोड्या वेळात खोलीभर आवाज झाला, कुणी काय ऐकलं, कुठून ऐकलं. लोक सतरंज्या सरकवून जवळ जवळ बसले. कुणीतरी चुलीकडे चहा टाकायला गेलं.

अंधार वाढायच्या आत रस्ता धरायला हवा होता, म्हणून नितीनने हॉर्न दिला. मी शैलाताईंना म्हटलं, "चला, दहिवलीला सोडतो तुम्हाला." त्यांनी मान हलवली. "हितंच ऱ्हाते आज. एवढी मानसं हायत."

टेंपो वळताना मी मागे पाहिलं. शैलाताई आणि ती म्हातारी शाळेच्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. डोंगर ढगात दिसतच नव्हता. म्हातारीने हात वर करून काहीतरी दाखवलं, शैलाताईंनी तिकडे मान वळवली, आणि दोघी तशाच कान देऊन उभ्या राहिल्या.